कोंबड्याचं अर्धं तिकीट

कानाला मशीन बसवलं की समोरच्याला पहिला प्रश्न काय विचारायचा? कुणीही हेच विचारील, "ऐकू येतंय का?" आणि उत्तर येतं, "हो." जुन्नरच्या माझ्या दुकानात तीसेक वर्षं मी हा प्रश्न विचारला. "नाही" असं उत्तर फार थोड्यांनी दिलं. कमी ऐकू येणारा माणूस दिवसभर "हो" म्हणत असतो. जेवलात का, हो. पाऊस पडला का, हो. सून काहीतरी विचारून गेली, हो. चारचौघांत कुणी हसलं की तोही हसतो, सगळे गप्प झाले की तोही चेहरा गंभीर करतो. त्याला फसवायचं नसतं. पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" विचारायची लाज वाटते, एवढंच. असा माणूस मशीन घालून समोर बसतो आणि म्हणतो, "हो, बेस्ट येतंय." त्याच्यावर विश्वास ठेवून मशीन बांधून दिलं, तर आठवड्याभरात ते कपाटात, कपड्यांच्या घडीखाली जाऊन पडतं.

मी मुळात घड्याळं दुरुस्त करणारा. वडिलांचंही तेच काम. दुकानात घड्याळाचे बटणासारखे सेल असायचे, म्हणून कानाच्या मशीनवाले सेल घ्यायला यायचे. सेल बदलून देता देता मशीनच्या तक्रारी कानावर पडू लागल्या. शिट्टी वाजते, खरखरतं, कानात टोचतं. पुण्याला जाऊन काही महिने शिकलो. पुढे दुकानाच्या मागच्या बाजूला एक खोली केली, तिला आतून जाड फोम लावला, आणि कान तपासणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा पुण्याहून येऊ लागल्या. तपासणी त्यांची. कानाचा साचा घेणं, मशीन बसवणं, सवय लावणं आणि नंतरची सगळी कुरकुर ऐकणं हे माझं.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. वयानं कान जातो तेव्हा आवाज जात नाही, शब्द जातो. कुत्रं भुंकलेलं कळतं, ट्रॅक्टर कळतो, कुणी हाक मारली हेही कळतं. पण स, श, फ, थ हे बारीक आवाज गळून पडतात, आणि "साठ" आहे की "आठ", "फणी" आहे की "पाणी", हे कळेनासं होतं. म्हणून नुसता आवाज मोठा करून भागत नाही. माणूस म्हणतो, "वरडू नका, ऐकू येतंय, पण बोलताय काय ते सांगा."

तर "हो" म्हणून निभावता येणार नाही असं काहीतरी मला हवं होतं. ते एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये सापडलं.

घड्याळांबरोबर मी रेडिओ आणि टेपही दुरुस्त करायचो. कुणीतरी एक टेपरेकॉर्डर ठेवून गेलं, त्यात कॅसेट अडकलेली. टेप दुरुस्त झाला, मालक घेऊन गेला, पण कॅसेट काउंटरवरच विसरला. परत आलाच नाही. कॅसेटवर कागद नव्हता. लावून बघितली, तर कुठल्याशा स्नेहसंमेलनात एक माणूस एकटाच उभा राहून लोकांना हसवत होता. बोलण्यावरून शिक्षक वाटला, आपल्याच भागातला. पाचसात मिनिटांनी एक गोष्ट यायची. म्हातारा कोंबडा काखेत घेऊन एसटीत चढतो. कंडक्टर म्हणतो, "बाबा, कोंबड्याचं अर्धं तिकीट लागंल."

"अर्धं घेताय, तर शीट द्याल का त्याला?"

"शीट न्हाई. मांडीवर घ्या."

"मांडीवरच्याला तिकीट नसतंय. ल्हान हाय तो."

"आज ल्हान हाय. उद्या मोठा व्हईल, मंग काढाल का तिकीट?"

इथे तो शिक्षक म्हणतो, म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी कोंबड्याचे कान झाकले. आणि आवाज एकदम खाली आणून, जवळजवळ कुजबुजत म्हणतो, "हळू बोला राव. त्याला रविवारच्या पुढचं काय सांगितलेलं न्हाई."

मग मंडपभर हशा. आणि त्या हशातच तो म्हणतो, "हसा की राव, हसायला तिकीट न्हाई." त्यावर आणखी मोठा हशा.

मी दुकानात एकटाच हसलो, आणि हसता हसता लक्षात आलं की हेच ते. खरी गंमत सगळ्यात हळू आवाजात आहे. ज्याला ते कुजबुजलेलं वाक्य कळलं तो हसेल, आणि ज्याला कळलं नाही त्याला "हो" म्हणून सुटता येणार नाही. मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "शास्त्रात कुठं बसत नाही हे रशीदभाई, पण माझी तपासणी झाल्यावर करा, हरकत नाही."

तेव्हापासून तो कोंबडा रोज माझ्या दुकानात एसटीत चढू लागला. दिवसाला कधी तीनदा, कधी दहादा. आधी कॅसेटवर, मग कॉम्प्युटरवर. पहिले काही महिने मीही हसायचो. मग नुसता मान हलवायचो. वर्षभरात मला त्या गोष्टीचा इतका कंटाळा आला की कंडक्टर बोलू लागला की माझं डोकं बंद व्हायचं. घरी गेलो की बायको विचारायची, "आज कितने मुर्गे बैठे गाड़ी में?" मी आकडा सांगायचो, ती हात धुवायला पाणी द्यायची.

तुम्ही म्हणाल, विनोद मेला. मलाही तसंच वाटलं. पण समोरचा माणूस तो पहिल्यांदा ऐकत असायचा. बरेच जण तर कित्येक वर्षांत पहिल्यांदा कुणाचंही वाक्य शेवटपर्यंत ऐकत असायचे. हळूहळू मी कान बंद ठेवून फक्त चेहरे बघायला शिकलो. "मांडीवर घ्या"ला डोळ्यांच्या कडा हलतात. कान झाकल्यावर माणूस नकळत पुढे वाकतो. आणि मग ते कुजबुजणं पोचतं. आधी काहीच होत नाही, एक श्वास जातो, आणि मग चेहरा असा उघडतो की बघत राहावं. त्यासाठी त्या अनोळखी शिक्षकाचे मी मनातल्या मनात रोज आभार मानले.

सगळेच हसायचे असं नाही. पत्र्याचे डबे आणि कंदील करणारे हुसेनचाचा आमच्याच गल्लीतले. जन्मभर पत्रा ठोकून कान गेलेला. त्यांना मशीन बसवलं, गोष्ट लावली, चेहरा हलेना. मी आवाज वाढवला, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर केला. "ऐकू येतंय रे सगळं. पण विनोद बेकार हाय. कोंबड्याचे कान पिसांत असतात, झाकायचे तर आधी शोधावे लागतील. ह्यानं कधी कोंबडा धरलेला न्हाई." मशीन अगदी बरोबर लागलं होतं. नंतर ते गल्लीत भेटले की हटकून म्हणायचे, "कानवाला कोंबडा काय म्हणतो?" म्हणजे विसरलेही नव्हते.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण ते वगळलं तर पुढचं कळणार नाही.

अवसरी बुद्रुकच्या एक पार्वतीबाई. साठीच्या आसपास, बोलक्या, हसऱ्या. मशीन बसवलं, कॅसेट लावली, आणि जिथे हसायचं तिथे बरोबर हसल्या. दोनदा. मी खूश होऊन मशीन बांधून दिलं. तीन महिन्यांनी त्यांची सून त्यांना घेऊन आली. पार्वतीबाई मान खाली घालून बसल्या होत्या. सून म्हणाली, "भाऊ, आमच्या नणंदेचा फोन आला व्हता. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं. ती रडत आईला सांगत व्हती, आणि ह्या फोनवर हसत म्हणत व्हत्या, बरं झालं गं, लई बरं झालं. तिनं फोन ठेवला. तवापासून ती आईशी बोलत न्हाई."

पार्वतीबाई म्हणाल्या, "मला वाटलं ती चांगलं काय सांगतीय. पाचवा म्हैना एवढंच कळलं मला."

मी मशीन तपासलं. ठीक चालत होतं, पण बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. मग त्या हसल्या कशा? मी त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "कॅसेटमधली माणसं हसली, म्हणून मीबी हसले."

मी जाऊन काउंटरमागच्या स्टुलावर बसलो. हशा मोठा असतो, जाड असतो, तो कुणालाही ऐकू येतो. इतकी वर्षं मी माणसांची परीक्षा घेत होतो आणि उत्तर त्याच कागदावर लिहून देत होतो. आणखी किती जण असे हसून गेले असतील, देव जाणे. पार्वतीबाईंचं मशीन मॅडमनी नव्यानं लावून दिलं. मी त्यांच्या सुनेला मुलीचा नंबर लावायला सांगितला आणि फोनवर माझी चूक स्वतः सांगितली. मग ती म्हणाली, "आईला द्या." दोघी बोलल्या. मी खोलीबाहेर गेलो होतो, काय बोलल्या ते मला माहीत नाही. पार्वतीबाई बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, आणि मला म्हणाल्या, "समदं कळलं मला. शब्दन् शब्द कळला." त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात मी शेजारच्या संजयकडे गेलो. ते लग्नांचं शूटिंग करायचे, त्यांच्याकडे आवाज कापायची-जोडायची सोय होती. म्हटलं, यातला सगळा हशा काढून टाका, माणसाचं बोलणं तेवढं ठेवा. त्यांनी नेटानं काम केलं. जिथे हशा होता तिथे आता नुसती शांतता. "रविवारच्या पुढचं काय सांगितलेलं न्हाई." शांतता. "हसा की राव, हसायला तिकीट न्हाई." शांतता. हशात मिसळलेलं ते शेवटचं वाक्य मात्र त्यांना जरा घासून स्वच्छ करावं लागलं. हशा संपल्यावर कुणीतरी एकजण उशिरा, उचकी लागल्यासारखा "हुक् हुक्" असा हसत होता. संजय म्हणाले, "ह्यो कोण मागं राहिलेला?" तोही कापला.

नवी फीत कडक परीक्षा घेणारी निघाली. आता हसायला कुणाचा आधार नव्हता. जो हसायचा तो स्वतःच्या कानानं हसायचा. त्या ओसाड शांततेनंतर "हसा की राव" आलं की लोकांना ते जास्तच गमतीचं वाटायचं. मीही समजून होतो की ते त्या माणसाच्या कार्यक्रमातलंच वाक्य आहे.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग डिंगोऱ्याचे विष्णू गुरुजी आले.

निवृत्त प्राथमिक शिक्षक, सत्तरीच्या पुढचे, पांढरी टोपी, अंगानं सडपातळ. बरोबर पत्नी, त्यांना सगळे काकू म्हणायचे. गुरुजी स्वतःहून काहीच बोलत नव्हते. काकूच म्हणाल्या, "चाळिशी उलटल्यावर कान जायला लागले. मशीन घ्या म्हणून मी वीस वर्षं सांगतीय. आता नातीनं हट्ट धरला म्हणून आले." मॅडमनी तपासलं. कान बराच गेला होता, पण मशीननं चांगला फरक पडेल असा. मी साचा घेतला, पंधरा दिवसांनी मशीन घेऊन दोघांना बोलावलं.

त्या दिवशी काकू बाहेर बाकावर बसल्या, गुरुजी माझ्यासमोर आत. मशीन कानात बसवलं. आपलाच खोकला ऐकून ते दचकले. सगळेच दचकतात. मी म्हटलं, "गुरुजी, एक गोष्ट लावतो, आरामात ऐका." आणि फीत सुरू केली.

म्हातारा एसटीत चढला तसे गुरुजी ताठ झाले. मी चेहरा बघत होतो. डोळ्यांच्या कडा हलल्या नाहीत. कान झाकल्यावर ते पुढे वाकले नाहीत. कुजबुज झाली. मग शांतता. "हसा की राव, हसायला तिकीट न्हाई." मग शांतता. गुरुजींनी खाली मान घातली. मला वाटलं, बारीक आवाज पोचत नाहीत, म्हणून मी कॉम्प्युटरकडे वळलो. तेवढ्यात त्यांनी मशीन कानातून काढून टेबलावर ठेवलं. आणि इतक्या वेळात पहिल्यांदा बोलले, "बराबर हाय मशीन. सगळं कळलं." उठले, चप्पल घातली आणि रस्त्याला लागले.

मी बाहेर आलो तर काकू दारापाशी उभ्या. फोम लावलेली असली तरी माझ्या खोलीचं दार जुनं, त्यातून आवाज बाहेर येतो. त्यांचा चेहरा उतरला होता. "रशीदभाऊ, हे तुमच्याकडं कुठनं आलं?"

"काय?"

"हा ह्यांचा आवाज हाय. ओतूरच्या संमेलनातला. शेवटचा कार्यक्रम ह्यांचा."

मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं. काकू उभ्याउभ्याच सांगत होत्या. गुरुजी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. शाळा, कॉलेज, यात्रा, सगळीकडं बोलावणं यायचं. कोंबड्याची गोष्ट लोक पुन्हा पुन्हा मागायचे. माझ्या खोलीत ती ऐकणारे सगळे कान गेलेले, म्हणून इतक्या वर्षांत तो आवाज कुणी ओळखला नव्हता. मग कान जाऊ लागले. स्टेजवरच्या उजेडातून पुढचा अंधारातला मंडप दिसत नाही. कलाकाराला लोक हसले हे कानानंच कळतं, आणि ते त्यांना कळेना. "त्या दिवशी लोक पोट धरून हसत व्हते. मी पुढंच बसले व्हते. आणि हे म्हणाले, हसा की राव. ते वाक्य कार्यक्रमात कधीच नव्हतं, भाऊ. ते खरंच मागत व्हते. घरी आल्यावर मी सांगितलं, अहो, लोक हसत व्हते. तर म्हणले, तू माझं मन राखतीस. त्या दिवसापासून स्टेज बंद. मग बोलणंच कमी झालं."

आणि वीसेक वर्षांनी कान परत आला तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी काय ऐकली? तोच कार्यक्रम. तीच गोष्ट. आणि पुढे कुणीही न हसलेलं. मी, माझ्या हातानं, त्यांच्या मनातल्या भीतीचा पुरावा तयार करून त्यांच्या कानात घातला होता.

मी काकूंना सगळं सांगितलं. हशा का कापला तेही. त्यांनी ऐकून घेतलं. "खरं असंल. पण ते मला ऐकणार न्हाईत," म्हणाल्या आणि स्टँडकडे गेल्या.

मूळ कॅसेट मी टाकली नव्हती, हे माझं नशीब. घड्याळांच्या जुन्या पट्ट्यांच्या डब्यात ती निघाली. पण लावली तर फीत आत चिकटली आणि माझ्या डोळ्यांदेखत तुटली. दोन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. कॅसेटचे पाच स्क्रू काढले, घड्याळाच्या चिमट्यानं फीत सोडवली, ब्लेडनं दोन्ही टोकं तिरकी कापून चिकटपट्टीनं जोडली. फीत दाबून धरणारा फेल्टचा बारका तुकडा गळून पडला होता, तो दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवला. पुन्हा लावली. अर्धा शब्द गेला होता. बाकी सगळं होतं. हशाही होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेप आणि ते मशीन पिशवीत घालून मी डिंगोऱ्याला उतरलो. गुरुजी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मला बघून हात थांबले नाहीत. मशीनशिवाय त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडावं लागलं असतं, आणि जे सांगायचं होतं ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी वहीवर लिहिलं, "हशा मी कापला होता. तपासणीसाठी. ही मूळ कॅसेट आहे, हिच्यात सगळं आहे." वही पुढे केली.

त्यांनी वाचलं. शांतपणे म्हणाले, "टीव्हीवर हसू भरत्यात, तसं भरलं असंल तुमी. आमच्या घरच्यांनी सांगितलं असंल." राग नव्हता त्यांच्या आवाजात. उलट माझीच समजूत घातल्यासारखं म्हणाले, "भाऊ, तुमी चांगली माणसं हायेत. जाऊ द्या."

हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. ज्यानं हसू कापलं तो हसू भरूही शकतो, हे खरंच होतं. काकूंनी पिशवीतून मशीन काढलं, त्यांच्यासमोर धरलं आणि कानाशी जाऊन म्हणाल्या, "माझ्यासाठी एकदा घाला. मंग परत कधी न्हाई म्हणणार."

त्यांनी शेंगांची टोपली बाजूला सारली. मी मशीन बसवलं, टेप लावला. एसटी आली, कोंबडा चढला, अर्धं तिकीट झालं. कुजबुज. आणि मंडप उसळला. गुरुजींचा चेहरा तसाच. त्यांना पटलेलं नव्हतं. "हसा की राव, हसायला तिकीट न्हाई." पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. तरी चेहरा तसाच. हशा ओसरला. सगळं शांत झालं. आणि मग एकटाच कुणीतरी, हुक् हुक् हुक्.

गुरुजींचा हात वर गेला. "थांबवा. मागं घ्या."

मी मागं घेतलं. पुन्हा हशा ओसरला, पुन्हा ते हुक् हुक्.

"भिकाजी," ते म्हणाले.

काकू पायरीवर बसल्या होत्या. "भिकाजीच," त्या म्हणाल्या.

भिकाजी त्यांच्या शाळेतला शिपाई. गुरुजींचा प्रत्येक कार्यक्रम ऐकायला यायचा, सायकलवर, कितीही लांब असला तरी. सगळ्या गोष्टी पाठ, आणि तरी विनोद त्याला सगळ्यात शेवटी कळायचा. "तो हसला की मी पुढचं वाक्य घ्यायचो," गुरुजी म्हणाले. "त्याच्यापत्तर पोचलं म्हणजे सगळ्या मंडपाला पोचलं. त्या दिवशी मी त्याच्यासाठी थांबलोच न्हाई. लोकांच्या हसण्यावर बोललोय मी. बघा की, हे हसत्यात आणि मी मधीच तोंड घालतोय." कितीतरी वर्षांनी त्यांना आपल्या कामातली चूक सापडली होती, आणि त्यांना ती आधी सांगायची होती.

मग म्हणाले, "त्यानं मला सांगितलं व्हतं. म्हणला, गुरुजी, लोक लई हसले. मला वाटलं, ह्योबी मन राखतोय. मी त्याच्याशी नीट बोललो न्हाई त्यानंतर. तो गेला आता." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे पुसले. टेप फिरत होता, पुढे कुठल्यातरी लग्नातल्या जेवणाची गोष्ट चालू झाली होती. ती मी इतक्या वर्षांत कधी ऐकलीच नव्हती. माझं काम कोंबड्यापाशी संपायचं.

चहा झाला. माझ्या मनात बरीच वर्षं एक प्रश्न होता आणि विचारायला माणूस आता समोर होता. मी म्हटलं, "गुरुजी, एकच विनोद किती वेळा चालतो? मी ही गोष्ट हजारो वेळा ऐकली असेल. मला आता हसू येत नाही."

"तुमी कधी ऐकलीत?" ते म्हणाले. "तुमी तर समोरच्याची तोंडं बघत व्हता. बसा."

आणि उठून, ओसरीच्या मधोमध उभं राहून, त्यांनी गोष्ट सुरू केली. मी घाईघाईनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. एकेक शब्द मला पाठ होता. पण कंडक्टरचं बोलणं झाल्यावर ते जे थांबले, तसे कॅसेटमध्ये थांबलेले नव्हते. दोन्ही हात काखेतल्या कोंबड्याच्या कानांकडे गेले, मध्येच अडखळले, आणि बोटांनी पिसं बाजूला सारून त्यांनी आधी कान शोधले. हुसेनचाचांचा आक्षेप मी त्यांना सांगितला नव्हता. त्यांच्या हातांना ते माहीतच होतं, आवाजाच्या फितीत ते कधी आलं नाही एवढंच. मग ते हळूच बोलले, आणि मला हसू फुटलं. काकूही हसल्या. गुरुजी मान जरा तिरकी करून आमचं हसणं ऐकत उभे राहिले, आम्ही पुरते गप्प होईपर्यंत. मग पुढचं वाक्य घेतलं.

त्यानंतर त्यांनी मशीन काढलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या सुनेचा फोन आला, मला वाटलं शिट्टी वाजत असेल. ती म्हणाली, "दादा, मशीन छान हाय. पण आता आबा दिवसभर बोलत्यात. मशीनचा आवाज कमी व्हतो, त्यांचा कसा कमी करायचा?" नंतर गुरुजी दुकानात आले आणि माझ्या खोलीत बसून तपासणीसाठी चार नव्या गोष्टी बोलून गेले. प्रत्येकीत गंमत कुजबुजीत आणलेली, आणि मागे हशा नाही. हुसेनचाचांनी त्यांतली एक ऐकली आणि म्हणाले, "ही बरी हाय."

गेल्या वर्षी मी काम थांबवलं. आता त्या खोलीत शिकलेली एक मुलगी बसते, माझ्यापेक्षा चांगलं काम करते, आणि गुरुजींच्याच गोष्टी लावते. माझे कान चांगले राहिले, हात चांगले राहिले, आणि ज्यांच्या घरातलं बोलणं परत आलं अशी माणसं अजून रस्त्यात थांबवून चहाला नेतात. याहून जास्त मी मागितलं नव्हतं.

डिंगोऱ्याच्या ओसरीवरचं ते रेकॉर्डिंग माझ्या मोबाइलमध्ये आहे. कामासाठी ते निरुपयोगी, कारण त्यात मी मोठ्यानं हसलोय, आणि माझ्यामागून काकू. परवा बायकोनं ते लावायला सांगितलं. इतकी वर्षं आकडे विचारले, पण गोष्ट तिनं कधीच ऐकली नव्हती. ऐकली, हसली, आणि म्हणाली, "फिर से लगाओ."

मी पुन्हा लावलं.